वार्षिकांकाची थीम मुलांनाच कशी शोधू द्यावी?

परळच्या_बाई

आमची मराठी माध्यमाची शाळा, परळमध्ये. यंदाचा वार्षिकांक माझ्याकडे आहे. संपादक मंडळात आठवी-नववीची बारा मुलं आहेत. दहावीला मुद्दाम घेतलं नाही, जानेवारीत त्यांची पूर्वपरीक्षा असते. अंक ए-फोर आकाराचा, ६४ पानं, ४०० प्रती. त्यातली १६ पानं रंगीत परवडतील. दहावीच्या निरोप समारंभाला अंक हातात हवा.

गाडी अडलीय ती थीमपाशी. पहिल्या बैठकीत मुलांकडून आलेले विषय: 'स्वप्नांचे पंख', 'इंद्रधनुष्य', 'उंच भरारी' आणि 'मुंबई लोकल'. मुख्याध्यापकांना 'पर्यावरण' हवंय. मी काही सुचवलं की बाराच्या बारा माना डोलतात आणि विषय माझा होऊन बसतो.

विषय मुलांकडूनच यावा, पण चांगला यावा, यासाठी बैठक कशी घ्यायची? आणि ठरलेली थीम मुखपृष्ठावरच न राहता आत शेवटच्या पानापर्यंत कशी न्यायची?

---

दुसरा_बाक

बाई, 'थीम सुचवा' असं विचारलं की मुलं निबंधाच्या वहीतले शब्द काढून देतात, कारण त्यांच्या कानाला तो निबंधाचाच प्रश्न वाटतो. थीम हा शब्द पहिल्या दोन बैठकांत उच्चारूच नका.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या द्या, माणशी पाच. प्रश्न साधे ठेवा: यंदा शाळेत पहिल्यांदाच काय झालं? मधल्या सुट्टीत कोण कुठे उभं असतं? शिपाईमामा रोज कोणतं वाक्य बोलतात? नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय सांगाल? शाळेतला कोणता आवाज डोळे मिटून ओळखता येतो? एका चिठ्ठीवर एकच उत्तर, आणि ते वस्तू, जागा, आवाज किंवा बोललेलं वाक्य असावं. 'आपुलकी', 'शिस्त', 'संस्कार' अशी चिठ्ठी आली तर परत द्यायची आणि विचारायचं, "ही कुठे दिसते?" 'शिस्त'ची 'जिन्यात डावीकडून' झाली की ती चिठ्ठी कामाची.

हेच प्रश्न मंडळाबाहेरच्या दोन-तीन वर्गांतही फिरवा. संपादक मंडळात निबंधात पहिली येणारी मुलं असतात. मागच्या बाकावरची उत्तरं बहुतेक वेळा जास्त नेमकी निघतात.

दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या जमिनीवर पसरून मुलांना ढीग करू द्या. तुम्ही खुर्ची मागे घेऊन बसा, बोलू नका. सहा-सात ढीग होतील. प्रत्येकाला मुलांनी नाव द्यायचं. यातले तीन पुढे न्यायचे. हात वर करून मतं घेऊ नका. पहिला हात वर्गातल्या पुढारी मुलाचा असतो, बाकीचे त्याच्याकडे बघून उठतात. घडी घातलेल्या चिठ्ठीवर मत घ्या.

मग खरी परीक्षा. तीन विषय, चार-चार मुलांचे तीन गट, एक आठवडा. प्रत्येक गटाने आपल्या विषयात एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) हाताने करून आणायचं. मात्र पान कोणतं ते तुम्ही द्यायचं, आणि सगळ्यात रटाळ द्यायचं: आंतरशालेय कबड्डीचे निकाल, देणगीदारांची यादी, शिक्षक-शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची नावं. कविता आणि मुखपृष्ठ कुठल्याही विषयात छानच दिसतात, त्यावरून काहीच कळत नाही. देणगीदारांची यादी ज्या विषयात बसते तो ६४ पानं ओढून नेतो.

जोडपानाखाली गटाने चार गोष्टी लिहून द्याव्यात: अंकाचं नाव, पाच-सहा विभागांची शीर्षकं, प्रत्येक पानावर येणारी एकच दृश्य खूण, आणि एक रंग. विभागांची शीर्षकं सुचत नसतील तर ती थीम नाही, नुसतं नाव आहे. 'इंद्रधनुष्य' इथेच गळतं. सात रंगांची सात नावं मिळतात, पण क्रीडा 'लाल' का आणि विज्ञान 'निळं' का, हे कुणालाच सांगता येत नाही.

शेवटचा प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारायचा: हेच नाव शेजारच्या शाळेने लावलं तर चालेल का? चालत असेल तर विषय बाद. तुमच्या यादीतले पहिले तिन्ही मुकाट्याने पडतील, तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

'लोकल'बद्दल थोडं. मुंबईतल्या शाळेत ती येणारच. आणि ती आली की पहिलं वाक्य १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. मग गर्दी, मग 'जीवनवाहिनी', संपलं. तुमच्या मुलांपैकी किती जण खरंच लोकलने शाळेत येतात ते आधी मोजायला लावा. परळमधली बरीचशी चालत येत असतील.

मुख्याध्यापकांचा 'पर्यावरण' फेटाळू नका. त्यांच्या मनोगताचा विषय म्हणून द्या, एका विभागातही जागा करा. त्यांच्यापुढे शब्द न नेता तयार जोडपान न्या. हातात कागद असला की चर्चा वेगळी होते.

---

खिळेजुळणी

वरचं सगळं बरोबर. छपाईच्या बाजूने सांगतो, कारण थीम बहुतेक वेळा तिथे मार खाते.

६४ पानं म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं). जाड दिसावा म्हणून पर्फेक्ट बाइंडिंगचा, म्हणजे कण्याला गोंद लावून पानं चिकटवण्याचा, मोह होईल, करू नका. ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथोचे, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाचे, ३२ कागद म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर कणा. त्यावर नाव धड बसत नाही आणि पानं पूर्ण उघडत नाहीत. सेंटर पिन (मधल्या घडीत पिना) घ्या, मुखपृष्ठ वेगळं, २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्ड.

सेंटर पिनमध्ये फर्मे एकात एक बसतात. सगळ्यात बाहेरच्या फर्म्यात १ ते ८ आणि ५७ ते ६४ ही पानं, सगळ्यात आतल्यात २५ ते ४०. म्हणून रंगीत फर्मा आतला घ्या, सलग १६ पानं मिळतात. वर्गांचे फोटो आणि स्नेहसंमेलन तिथे. दुसरा फायदा असा की स्नेहसंमेलन डिसेंबरात असतं, तोवर बाहेरचे तीन फर्मे छापून ठेवता येतात आणि आतला शेवटी जातो. डिसेंबरात छापखान्यात कॅलेंडर-डायऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे ते तीन फर्मे नोव्हेंबरातच मशीनवर चढले पाहिजेत. म्हणजे मजकूर दिवाळीच्या सुट्टीआधी हातात.

याचा थीमशी संबंध असा: ४८ पानं एकरंगी असणार. जी थीम रंगावर उभी आहे ती या पानांवर मरते. तुमची दृश्य खूण काळ्या शाईत, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात ओळखू आली पाहिजे. रेघ, शिक्का, आकडा, चौकट चालेल. मागे फिकट छापलेलं चित्र नको. मॅपलिथोवर ते मळकं दिसतं आणि त्यावरचा मजकूर वाचवत नाही.

मुलांना डमी करायला लावा. १६ कोरे ए-फोर घ्या, एकावर एक ठेवून मधे दुमडा, ६४ पानं झाली. प्रत्येकावर पान क्रमांक आणि काय येणार ते पेन्सिलीने. कोणती दोन पानं समोरासमोर येतात ते त्यातच कळतं. जोडपानावर मोठा फोटो टाकला आणि घडीत नेमका कुणाचा चेहरा गेला, असं व्हायला नको. एका पानात साधारण साडेचारशे शब्द मावतात, फोटो घातला की तीनशे. लेख मागतानाच हा आकडा सांगा. नाहीतर नऊशे शब्द येतात, अक्षर बारीक केलं जातं आणि सगळी मांडणी ढासळते. मराठीला १२ पॉइंट आणि ओळींत १६-१७ अंतर ठेवा, वर मात्रा आणि खाली उकार असतात.

फोटो व्हॉट्सअॅपवर साधे पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने फोटो आकसून लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. छपाईला इंचाला ३०० लागतात, म्हणजे तो धड छापला जातो फक्त सव्वापाच इंचांपर्यंत. वर्गाच्या फोटोत एका रांगेत १५ मुलं असली तर एका मुलाच्या वाट्याला शंभरेक पिक्सेल, त्यात चेहरा निम्मा. घरी आजी नातवाला शोधत बसते.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. एक टाइप या मुंबईच्या फॉन्ट-मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' मोफत मिळतात. छपाईवाला इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर त्याला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू आहे का विचारा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. तो जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करणार असेल तर रूपांतरानंतरचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचा. 'ऱ्या' आणि 'ॲ' हमखास बिघडतात.

---

परळच्या_बाई

चिठ्ठ्या झाल्या, सातवीतही फिरवल्या. एका ढिगावर एकमत दिसतंय: पत्ता. बऱ्याच मुलांच्या चाळी पुनर्विकासात गेल्यात. काही संक्रमण शिबिरात (इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरांत) आहेत, काही टॉवरमध्ये, काही भाड्याने. एकीच्या चिठ्ठीवर होतं, "रिक्षावाल्याला अजून जुन्या चाळीचंच नाव सांगतो." हे टिकेल का?

(हो, परळमध्ये रिक्षा नाही. ही मुलगी आता मुलुंडला राहते.)

---

दुसरा_बाक

टिकेल. पाकिटावरच्या ओळी म्हणजे आयते विभाग. 'प्रति' मध्ये मनोगत, संपादकीय. 'खोली क्रमांक' म्हणजे वर्गवार पानं. 'रस्ता' मध्ये सहली, क्रीडा, स्पर्धा. 'जवळची खूण' मुलांच्या लिखाणाला. 'पिन कोड' मध्ये सगळे आकडे: दहावीचा निकाल, बक्षिसं, देणगीदार. 'प्रेषक' म्हणजे दहावीचा निरोप. दृश्य खूण म्हणून पिन कोडच्या सहा चौकटी, त्यात पान क्रमांक. ००००२७ असा.

पिन कोडवर एक खरा लेखही होतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीचा (टपाल वेगळं काढण्याचा) जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. परळचा ४०० ०१२ आणि मुलुंडचा ४०० ०८० शेजारी ठेवून मुलांना फोड करायला द्या.

---

समासातली_टीप

विषय उत्तम, पण दोन खड्डे आहेत.

पहिला: कुठल्याही मुलाचा पूर्ण पत्ता छापायचा नाही. नाव, फोटो आणि इमारत एकाच पानावर आले की झाला पत्ता. अंकाची पीडीएफ पालकांच्या ग्रुपवर जाते आणि तिथून कुठेही. खूण छापा, इमारतीचं नाव नको. मुलांच्या लेखांतही हे तपासा, कारण "आमच्या अमुक टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरून" हे वाक्य येणारच. पालकांच्या संमतीपत्रात छापील अंक आणि पीडीएफ असे दोन वेगळे चौकोन ठेवा. काही पालक पहिल्याला हो म्हणतात, दुसऱ्याला नाही.

दुसरा: हा विषय मोठ्यांच्या हातात गेला की लगेच गिरण्या, भोंगे, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, 'चाळीतलं प्रेम' सुरू होतं. तो इतिहास मोलाचा आहे, पण तो या मुलांच्या आजोबांचा. नववीतलं मूल तो नेटवरून उतरवतं आणि बाराही लेख सारखे होतात. आजोबांची मुलाखत एक घ्या, दोन पानं, बस. बाकी मुलांना आजचं विचारा: लिफ्ट बंद पडली की काय करता, वॉचमन कुणाला अडवतो, सायकल कुठे ठेवता, जुन्या शेजाऱ्यांपैकी कोण अजून भेटतं. संक्रमण शिबिरातल्या मुलाला लिहायचं नसेल तर आग्रह नको. त्याला पिन कोडवालं पान द्या.

---

परळच्या_बाई

तिघांचेही आभार. पीडीएफचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकच राहिलं: जाहिराती. सहा पानं घ्याव्याच लागतात, त्यावर खर्च निघतो. त्या या सगळ्यात फार परक्या दिसतील.

---

खिळेजुळणी

परक्या कशाला? 'जवळची खूण' मध्येच टाका. कोपऱ्यावरचा वडापाव, स्टेशनरीवाला, झेरॉक्सवाला याच तर शाळेच्या खुणा. प्रत्येक जाहिरातीखाली मुलांनी एक ओळ लिहायची: शाळेच्या फाटकापासून किती पावलं आणि कुठे वळायचं. पावलं एकाच मुलाने मोजावीत, नाहीतर आठवीचं आणि दहावीचं पाऊल वेगळं पडतं.

मापं आधीच ठरवून दर-पत्रकावर छापा: पूर्ण पान १८ बाय २६ सेंटिमीटर, अर्धं १८ बाय १२.५. मधे एकच सेंटिमीटर राहतो, म्हणून ती पावलांची ओळ जाहिरातीच्या मापातच धरा आणि दुकानदाराला तसं सांगून ठेवा. व्हिजिटिंग कार्डाचा फोटो घेऊ नका, त्यातला लोगो छापून फुटतो. पीडीएफ नसेल तर नुसता मजकूर घ्या आणि जुळणी आपण करा. मुखपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ ही रंगीत जागा, त्यांचा दर जास्त लावा. त्या मुखपृष्ठाबरोबर छापल्या जातात, म्हणून त्या जाहिराती सगळ्यात आधी हातात हव्यात.