मदत हवी आहे: शब्दातली मधली अक्षरे उलटसुलट करणारी पायथन स्क्रिप्ट

पहिले-शेवटचे अक्षर जागेवर ठेवून मधली शफल करायची आहेत. लिस्ट केली की काने-वेलांट्या सुट्या पडतात, म्हणून पायथनच्या रेजेक्स मॉड्यूलने ग्राफीमनुसार (डोळ्यांना एक अक्षर दिसणाऱ्या तुकड्यांनुसार) तोडले. पण जुन्या आवृत्तीत जोडाक्षर हलन्तापाशी तुटते: ‘विद्यार्थी’चे वि, द्, या, र्, थी, आणि शफलनंतर ‘विर्याद्थी’! युनिकोड (संगणकावरील लिपींचे मानक) १५.१चा जोडाक्षर न तोडण्याचा नियम असेल तर द्या, र्थी अखंड राहतात. पण मग तीनच तुकडे, हलवायला काहीच नाही. ‘महाराष्ट्र’चे ‘मराहाष्ट्र’ मात्र छान होते.

(पायथनच्या साध्या री मॉड्यूलमधला \w, म्हणजे शब्दातले अक्षर ओळखणारे चिन्ह, मात्रांवरच शब्द तोडतो, तो नको.)

मॉड्यूलच्या आवृत्तीवर न विसंबता व्यंजन-हलन्त-व्यंजन-मात्रा असा पॅटर्न कसा लिहावा? ‘र्‍या’मधला झेडडब्ल्यूजेही (झिरो विड्थ जॉइनर, न दिसणारे जोडचिन्ह) त्यात धरायचा आहे. तीन अक्षरी शब्दांत फक्त मात्रांची अदलाबदल करावी का?