झोप नाही, मन लागत नाही: घरी एकट्याने साधी उपासना कशी करावी?

प्रश्न:
जय ख्रिस्त. घरात लांबलेलं आजारपण आहे, रात्री जागरण असतं. गीत, वाचन, प्रार्थना अशी अर्ध्या तासाची उपासना आता होत नाही. वाचलेलं डोक्यात शिरत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. रविवारीही मंडळीत (चर्चमध्ये) जाणं जमत नाही. दहा मिनिटांत काय करता येईल?

उत्तर १:
दहा मिनिटं पुष्कळ झाली. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 13 घ्या, सहाच वचनं आहेत. ओठ हलवून वाचा. मनातल्या मनात वाचलं की थकलेलं डोकं दुसऱ्याच ओळीला भरकटतं. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला ‘कोठवर?’ असं चार वेळा विचारतो. तिथे थांबा आणि स्वतःचं गाऱ्हाणं नाव घेऊन सांगा: ताप, दवाखान्याचं बिल, देवावरचा रागसुद्धा. वचन 3-4 मागणं आहे. आजच्या दिवसापुरती एकच गोष्ट मागा. 5-6 भरवशाची आहेत. मन तिथे पोहोचत नसेल तर नुसती वाचा, आव आणू नका. शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’), एकेका वाक्यानंतर श्वास घेत. बस्स.

हेच स्तोत्र आठवडाभर ठेवा. रोज नवा उतारा शोधण्यातच शक्ती जाते. आणि बळेच उपकारस्तुतीने सुरुवात करू नका. तक्रार गिळून केलेली स्तुती दोन दिवसांत कोरडी पडते, मग उपासनाच सुटते.

उत्तर २:
डोळे मिटून पान उघडायचं आणि येईल ते वचन आजचं समजायचं, हे या काळात कटाक्षाने टाळा. न्यायदंडाचा एखादा उतारा निघाला की आजारपण म्हणजे शिक्षाच, असं मन धरून बसतं. अगदीच अंधार असेल तर स्तोत्र 88 वाचा. ते अंधारातच संपतं, तरी पहिल्याच वचनात देवाला उद्धारक म्हणतं. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवली आहे, ती तुम्हीही करू शकता.

उत्तर ३:
आम्ही कॅथलिक रोझरीचं (मण्यांच्या जपमाळेवरच्या प्रार्थनेचं) एकच दशक घेतो: 1 प्रभूची प्रार्थना, 10 नमो मारिया (मरियेला केलेली प्रार्थना), 1 पित्याला गौरव (छोटी स्तुती). चार-पाच मिनिटं लागतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे मनन करायचे प्रसंग, असतात; पहिलं गेथशेमनी बागेतल्या येशूच्या वेदनेचं, तेवढंच धरा. आजाऱ्याच्या उशाशी बसून होतं, पुस्तक-चष्मा लागत नाही. मध्येच उठावं लागलं तर मणी चिमटीत धरा, परत तिथूनच सुरू.

उत्तर ४:
बायबलमधल्या 1 राजे या पुस्तकाचा 19वा अध्याय पाहा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, मग दुसऱ्यांदा खाऊ घातलं. म्हणून एखाद्या दिवशी प्रभूची प्रार्थना म्हणून झोपलात तर उपासना चुकली असं धरू नका. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) फोन करा. आजाऱ्याच्या घरी येऊन प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) देण्याची रीत बहुतेक मंडळ्यांत आहे, पण कळवल्याशिवाय त्यांना समजणार कसं? जगणं नको वाटू लागलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. तो नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.