१९८१ च्या डी अँड डीचे आकडे उलटे करताना

वीसपैलू:
डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका-खेळाचे मोल्डवे-कुकचे जुने बेसिक आणि एक्स्पर्ट संच खेळायला घेतोय. खेळाडू सगळे पाचव्या आवृत्तीवर वाढलेले. इथे आर्मर क्लास (एसी, म्हणजे फटका बसणं किती अवघड तो आकडा) जितका कमी तितका चांगला, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. शिवाय पाच सेव्हिंग थ्रोंऐवजी (विष, मंत्र अशा संकटांतून वाचायला टाकायचा फासा) एकच ठेवावा म्हणतो. काय बिघडेल?

तळघरकर:
एसी १९ मधून वजा करा, २० मधून नाही. या संचांत चिलखत नसताना ९ असतो, त्याचे १० होतात. प्लेट चिलखताच्या ३ चे १६, ढाल घेतली तर १७. हल्ल्याच्या तक्त्यात एसी ० ला मारायला फायटरला (लढवय्याला) वीसपैलू फाशावर जो आकडा लागतो तोही १९ मधूनच वजा करायचा, की हल्ल्याचा बोनस मिळतो: पहिल्या तीन लेव्हलना +०, चौथीला +२, सातवीला एकदम +५. २० मधली वजाबाकी एडी अँड डी या वेगळ्या ‘अॅडव्हान्स्ड’ खेळाची, तिथे चिलखताविना १० धरतात. एसी एका पद्धतीने आणि बोनस दुसऱ्या पद्धतीने काढला की प्रत्येक हल्ल्यात ५ टक्के इकडचे तिकडे होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. उणे एसी जपून. लाल ड्रॅगनच्या −१ चे २० होतात. घाईत लोक १८ लिहून मोकळे होतात.

मेणबत्ती:
सेव्हची नुसती सरासरी घेऊ नका. पहिल्या लेव्हलच्या फायटरचे १२, १३, १४, १५, १६ (वीसपैलू फाशावर तेवढे किंवा जास्त आले की वाचला), सरासरी १४. पण त्यातला १२ विषाचा, आणि या खेळात विष म्हणजे बहुतेक वेळा खेळ खलास. १२ ला वाचायची शक्यता ४५ टक्के, १४ ला ३५. म्हणून १४ ठेवा, पण फाशावर विषाला +२ आणि मंत्रांना −२ द्या. ड्वार्फला १० द्या: याच फरकाने त्याचे विषाचे मूळचे ८ आणि मंत्रांचे १२ बरोब्बर निघतात. मॅजिक-यूजरला (जादूगाराला) १४ च ठेवला तर विषात एकाचा फायदा होतो, होऊ दे बिचाऱ्याला.

वीसपैलू:
आणि मोराल, म्हणजे शत्रू हिंमत हरून पळतो का ते बघायचा नियम? तो उडवला तर?

तळघरकर:
पुस्तकात ऐच्छिक आहे, तरी उडवू नका. एका बाजूचा पहिला गडी पडला की एकदा, निम्मे गारद झाले की पुन्हा, दोन सहापैलू फासे टाकायचे. गॉब्लिनचा मोराल ७, म्हणजे ८ किंवा जास्त आले की पळ काढतात: दर वेळी सुमारे ४२ टक्के. हे काढलंत तर प्रत्येक गॉब्लिन मरेपर्यंत लढणार, आणि जेमतेम चार-पाच हिट पॉइंटवाली (मार सोसायची ताकद) पार्टी पहिल्याच खोलीत आडवी होणार. त्यांचा राजा सोबत असेल तर मात्र ९ धरा.