‘मनवणे’, ‘पटवणे’ की ‘मन वळवणे’?

तुकोगंजकर : ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याविषयीच्या एका हिंदी पत्रकाचा आमच्या वसाहतीतल्या मराठी घरांसाठी मी अनुवाद करत आहे. त्यात ‘पड़ोसियों को मनाइए’ असे वाक्य आहे. ‘शेजाऱ्यांना पटवा’ लिहिले, तर घरातली तरुण मंडळी हसू लागली, कारण इंदुरात हिंदी ‘पटाना’चा अर्थ कानावर आधी येतो. ‘मनवा’ लिहिले, तर पुण्याच्या मावशींनी तो शब्द मराठी नव्हे म्हणून खोडला. काय लिहावे?

रामबागवासी : ‘मन वळवा’ लिहावे. आपण इथे दिवाळीही मनवतो आणि रुसलेल्या भाच्यालाही मनवतो. त्यात ‘साजरी करणे’ आणि ‘रुसवा काढणे’ हे दोन नेमके प्रयोग बुडाले. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, सावरकरांनी ‘तारखे’ला ‘दिनांक’ दिला; आपल्याला निदान आहेत ते शब्द तरी जपता यावेत.

सराफ्याजवळची : त्या कोशानंतरही ‘अर्ज’ आणि ‘वकील’ राहिलेच. माझे आजोबा मुनीम होते. हुंडीचे, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या व्यापारी चिठ्ठीचे, पैसे हाती आले की ते ‘हुंडी पटली’ म्हणत, आणि ‘गोष्ट पटणे’ तिथूनच आले असावे असे मला फार वाटते, कारण बोलणाराही शब्दांची हुंडीच देतो आणि ती स्वीकारणे ऐकणाऱ्याच्या हाती असते. ‘पटवून द्या’ लिहा. ‘देणे’ जोडताच हिंदी अर्थ गळून पडतो.

तुकोगंजकर : ‘पटवून द्या’ मला आवडले. तरी आता क्रियापदांची काळजी वाटते. ‘कचरा वेगळा ठेवण्यात यावा’ यात सांगणारा माणूसच दिसत नाही. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले ते केवळ फलकांमुळे नव्हे. आमच्या दारी गाडीवरची बाई बादलीतली पिशवी उचलून दाखवते आणि ‘दीदी, ये सूखे में’ एवढेच म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी बरोबर जागी असते. म्हणून मी ‘ठेवावा’ सोडून ‘ठेवूया’ लिहिले आहे.

रामबागवासी : ‘ठेवावा’ला हुकूम समजू नका. लग्नपत्रिकेत आपण ‘अगत्य यावे’ लिहितो, त्यात आर्जवच असते. वडीलधाऱ्यांना ‘ठेवूया’ म्हणणे मला सलगीचे वाटते.

सराफ्याजवळची : पत्रिकेत ‘यावे’ गोड लागते, कारण खाली घरच्यांची नावे असतात. तेच रूप सही नसलेल्या पत्रकात आले की धाकासारखे वाचले जाते. माझी आजी माहेरी पत्र लिहिताना ‘यावे’नंतर नेहमी ‘वाट पाहते’ असे जोडत असे. तुमच्या पत्रकाखाली नाव कोणाचे आहे?