डॉल्फिनला म्हणे इंजिनाचा आवाज आवडतो!

खाडीकाठ:
परवा इथेच कोकणसहलीच्या एका लेखात वाचलं: 'बोटीचं इंजिन घुमलं आणि डॉल्फिन नाचत आले. त्यांना हा आवाज आवडतो. ते ध्वनिप्रदूषण वगैरे परदेशी खूळ आहे.' खाली बदामांचा पाऊस. गप्प बसणार होते, राहवलं नाही.

अहो, तारकर्ली-दापोलीला किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक, पाठीवर उंचवटा असलेले. नाळेपुढच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या लाटेवर स्वार होणं हा स्पिनर, बॉटलनोज या जातींचा खेळ. हम्पबॅक सहसा त्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे बोट त्यांच्यापाशी गेली, ते तुमच्यापाशी आले नाहीत! गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती? सगळी भिस्त कानावर. आणि पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर पळतो.

मार्च २००० मध्ये बहामात १७ देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले, बहुतेक चोचवाले देवमासे. कारण सोनार (पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधायचं यंत्र), हे अमेरिकी नौदलाने स्वतःच्या अहवालात मान्य केलंय. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजं थांबली, तेव्हा कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात आवाज ६ डेसिबलने उतरला आणि राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेतली तणावाची संप्रेरकंही उतरली. हे खूळ?

जुना_खलाशी:
ताई, बहामाचा तारकर्लीशी काय संबंध? युद्धनौकेचा सोनार आणि पर्यटकांची होडी एका पारड्यात घालताय. मी १९ वर्षं जहाजावर काढली. सोनार चालू असताना नाळेपुढे डॉल्फिन उड्या मारताना या डोळ्यांनी पाहिलेत. पाणबुडी शोधायची कशाने, टाळ्या वाजवून?

रिमझिम:
सोनार २३५ डेसिबल असतो काका. रॉकेटपेक्षा जास्त!! जरा लाज वाटू द्या.

दशांशचिन्ह:
पुन्हा तेच. पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल वेगळा, कारण मोजणीचा पायाच वेगळा. पाण्यातल्या आकड्यातून साधारण ६२ वजा करा, मग रॉकेटं उडवा. शिवाय तो आकडा उगमापासून एक मीटरवरचा. किती वेळा लिहायचं?

रिमझिम:
२३५ वजा ६२ म्हणजे १७३. मग ठीक आहे, अंगाई गीतच म्हणायचं.

दशांशचिन्ह:
ठीक आहे असं मी कुठे म्हटलं? आकडा नीट लिहा एवढंच म्हटलं.

होडीवालो:
माका डेसिबल समजणा नाय. कर्ज काढून होडी घेतलंय, पावसात ती किनाऱ्यार पडान ऱ्हवता. तुमका पुण्यात बसान डॉल्फिनचो कळवळो. माझो बापूस रापणीक, किनाऱ्यारसून जाळा ओढूक, जाय. आता रापणीक बांगडो गावणा नाय, म्हणान पर्यटन. एलईडीवाले रात्री दर्यात दिवसासारखो उजेड करतत, सगळी मासळी उचलून नेतत, जनरेटर रातभर धडधडता. तेंका कोण इचारता?

खाडीकाठ:
मी चिपळूणची आहे हो, पुण्याची नाही.

मिरकरवाडा_२८:
आला का विषय पर्ससीनवर! पर्ससीन म्हणजे थव्याला वेढणारं मोठं जाळं, एलईडी आणि ते एकच समजू नका. आमच्या बोटीवर २८ माणसं, त्यांची घरं त्यावर चालतात. २०१६ पासून निर्बंध आम्हालाच. आणि डॉल्फिन गोड वगैरे तुम्हाला. गेल्या सीझनला जाळं फाडून अर्धी मासळी सोडवून नेली. भरून कोण देणार?

रिमझिम:
अडकलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर सरकार २५ हजारांपर्यंत देतं की. २०१८ पासून योजना आहे.

मिरकरवाडा_२८:
आम्ही नाही कापलं, त्यांनी फाडलं. त्याला अर्ज नाही! कापलं तर पुरावा म्हणून फोटो हवा. चुलत्याने रात्री उधाणात कासव सोडवलं. एका हातात सुरी, दुसऱ्यात काठ धरलेला, मोबाइल काय दातात धरणार? कार्यालयात म्हणाले, 'प्राणी स्पष्ट दिसत नाही.'

होडीवालो:
कासवाचा सोडा. एलईडीर २०१७ पासून बंदी आसा ना? मगे रात्री तो उजेड खयचो, काजव्यांचो?

मिरकरवाडा_२८:
नावं माहीत असतील तर घ्या, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. आणि ताई, परदेशात जाळ्याला पिंगर, म्हणजे आवाज करणारं छोटं यंत्र लावतात, डॉल्फिन दूर राहावेत म्हणून. तो आवाज चालतो का तुम्हाला?

खाडीकाठ:
(धागा आवाजाचा आहे, मासेमारीचा नाही, पण असो.) पिंगरचा मुद्दा चांगला आहे. तो चालतो कारण ते आवाजाला दचकून दूर जातात. म्हणजे माझंच म्हणणं झालं ना?

परदेशी खूळ म्हणणाऱ्यांसाठी: गंगेतले डॉल्फिन जवळजवळ आंधळे. बोटींची वर्दळ वाढली की ते आपले क्लिक (वाट आणि भक्ष्य शोधायचे आवाज) बदलतात, नुसतं ऐकू यावं म्हणून जास्त शक्ती खर्च होते. २०१९ चा अभ्यास, आपल्याच गंगेवरचा.

आणि खलाशीकाका, चोचवाले देवमासे तासतासभर खोल बुडी मारतात. सोनारला घाबरून त्यांचं बुडी मारण्याचं गणित बिघडतं. २००२ ला कॅनरी बेटांवर मेलेल्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे सापडले. स्पेनने २००४ मध्ये तिथे सोनारवर बंदी घातली. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं तिथे तसा कळप किनाऱ्याला लागला नाही.

जुना_खलाशी:
बुडबुड्यांचं पटलं. आमचा एक पाणबुड्या घाईने वर आला होता, अंगात तसेच बुडबुडे होऊन सांध्यांत कळा येऊन तळमळत होता. ते विसरलो नाही. तेव्हा चोचवाल्यांपुरतं मान्य. डॉल्फिनचं नाही. आणि देशाने सोनार बंद करावा असं कुणी सुचवलं तर मी पुन्हा येईन.

खाडीकाठ:
कुणीच सुचवलेलं नाही. होडीवाले दादा, खरं सांगा, इंजिन बंद केलंत तर काय होतं?

होडीवालो:
लांबच बंद करून गप ऱ्हवलो तर धा-पंधरा मिन्टांनी आपणच आजूबाजूक वर येतत, श्वास घेतल्याचो आवाज आयकाक येता. मागे लागलो तर बुडतत आणि भलतीकडे निघतत. पण पाच मिन्टां झाली की गिऱ्हाईक म्हणता, 'काका, जरा जवळ घ्या ना.' शेजारची होडी जवळ गेली की माका शिव्या.

रानवाट (सहलीच्या लेखाची लेखिका):
माझ्यावर एवढा लांब धागा निघाला हे आत्ता कळलं. 'आवडतो' काढून 'आवडत असावा' केलंय. झालं समाधान?

खाडीकाठ:
नाही.

होडीवालो:
बाई, डिसेंबरात येवा. इंजिन बंद ठेवतंय. डॉल्फिन दिसलो नाय तर पैसे परत मागूचे नाय.