जुन्या इमारतींची माहिती एकत्र आणली तर घरं थंड होतील का?

टेरेसखालचा (धागाकर्ता): टेरेसला पांढरा उष्णतारोधक रंग मारायचा विषय आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये (वार्षिक सभेत) दोनदा आला, दोनदा पडला. मी शेवटच्या मजल्यावर राहतो. रात्री अकरालाही स्लॅब तापलेला असतो, हे दुसऱ्या मजल्यावरच्यांना काय कळणार! पण प्रश्न माझ्या घरापुरता नाही. मालमत्ता कराच्या नोंदीत इमारतीचं वय, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आहे. ३० वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं. मीटरचं दर महिन्याचं रीडिंग आहेच. मे आणि जानेवारीतल्या फरकावरून एसीचा अंदाज येतो. हे सगळं जुळवून वॉर्डातल्या जास्त एसी चालणाऱ्या, एकसारख्या पन्नास इमारती निवडा, रंगाचं काम एकाच कंत्राटात द्या. दर खाली येईल. २०१८ची इको निवास संहिता (घरं कमी विजेत थंड राहावीत म्हणून केलेले बांधकामाचे नियम) नव्या इमारतींपुरती आहे, जुन्यांना वाली कोण?

गोरेगावकर: मीटरचं रीडिंग म्हणजे कोणाकडचं? आमच्याच मजल्यावर माझं बिल टाटाचं, शेजाऱ्याचं अदानीचं. शहरात बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण. पूर्ण इमारतीचा आकडा एका ठिकाणी नाही. त्यात पत्ते! एका बिलावर 'सीएचएस', दुसऱ्यावर 'को-ऑप. हौ. सोसा.', तिसऱ्यावर बिल्डरने दिलेलं जुनं नाव. आधी हे जुळवायला माणसं बसवा.

टेरेसखालचा: बसवा की. रंगापेक्षा ते काम स्वस्तच पडेल.

चाळकरी: माझा विरोध वेगळा आहे. मी लालबागला चाळीत वरच्या मजल्यावर राहतो, वर पत्रा. एसी नाही, दोन पंखे. बिल इतकं कमी की तुमच्या यादीत आमचा नंबर शेवटचा लागेल. कमी वीज म्हणजे कमी उकाडा, असं तुमचं गणित धरून चाललंय. खरं तर परवडत नाही म्हणून वीज कमी. पैसे जातील आधीच तीन एसी लावून बसलेल्यांच्या इमारतींवर. आणि पंखा बदलायला डेटा कशाला हवा? साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तिसाच्या. एवढं तरी आजपासून करा.

टेरेसखालचा: हा मुद्दा मला सुचला नव्हता, मान्य. मग बिलाला एकट्याला महत्त्व नको. वर काय आहे (पत्रा की स्लॅब), शेवटचा मजला आहे का, पश्चिमेची भिंत उघडी आहे का, हे आधी मोजावं. कमी बिल आणि तापणारं छप्पर अशी जोडी दिसली तर ते घर यादीत वर यावं. तरी पागडीच्या इमारतीत खर्च घरमालकाने करायचा की भाडेकरूने, हे कुठल्याच तक्त्यात सुटत नाही.

रीडेव्हलपमेंटची_वाट: कशाला करायचा? चार वर्षांत पाडणार म्हणून आमच्याकडे गेली बारा वर्षं गळतीसुद्धा नीट दुरुस्त झालेली नाही.

चाळकरी: म्हणजे बारा उन्हाळे तापलेच ना!

बोरिवलीची_सेक्रेटरी: फ्लॅटवार रीडिंग बाहेर द्यायला मी सभासदांची संमती मागणार. मे महिन्यात बिल शून्य म्हणजे घर बंद, हे चोरालाही समजतं. इमारतीची बेरीज द्या, तेवढं पुरे. अजून एक. आमच्या टेरेसवर गळतीसाठी पत्र्याची शेड आहे. पालिकेच्या नोंदीत ती नाही, ऑडिटमध्येही नाही. छपराची माहिती कागदावरून घेणार असाल तर तुमच्या यादीत आमचा स्लॅब उन्हात तळतोय. प्रत्यक्षात तो दिवसभर सावलीत आहे.

टेरेसखालचा: शेडला परवानगी आहे का?

बोरिवलीची_सेक्रेटरी: म्हणूनच नोंदीत नाही हो.