मदत हवी आहे: घाट चढतानाच बसची खिडकी गळते, फ्रेम काढून परत बसवू का?

नमस्कार मंडळी. आमची ३२ सीटची मिनीबस आहे, २००९ सालची. राहायला सातारा. सकाळ-संध्याकाळ शाळेच्या फेऱ्या, रविवारी भाडं मिळालं तर ठोसेघर नाहीतर कास. गाडी मिस्टर चालवतात, तिची आजारपणं माझ्याकडे.

डावीकडची तिसरी खिडकी गळते. सरकत्या काचा, ॲल्युमिनियमची फ्रेम, बाहेरून पत्र्यावर रिव्हेट मारलेली. गंमत अशी की पोवई नाक्यावर कितीही कोसळू दे, थेंब आत येत नाही. यवतेश्वरचा घाट चढायला लागलो की खिडकीच्या मागच्या कोपऱ्यातून धार लागते. पाऊस थांबला तरी कितीतरी वेळ गळतच असतं. मागच्या रविवारी एका आजोबांनी चक्क गाडीत छत्री उघडली. सगळे हसले, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या जूनमध्ये हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून फ्रेमला चारी बाजूंनी लावली होती, बाथरूमला लावतात तसली. अगदी सढळ हातानं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. थोडे दिवस बरे गेले, मग आधीपेक्षा जास्त गळायला लागलं. आता आतला प्लाय फुगलाय आणि बाहेरून खालच्या कडेला रंगाखाली फोड आलेत. बोटानं दाबले की कुरकुरतात.

एका बॉडीवाल्याला दाखवली. तो खिडकीकडे न बघताच म्हणाला, सगळ्या बदला. आकडा ऐकून घरी आले. दीर म्हणतात, डांबर ओत.

ही एकच खिडकी घरी काढून बसवता येईल का? रिव्हेट कसे काढायचे? काचा आधी काढायच्या की फ्रेमसकट? चिकटवायला सिलिकॉन, काळं पीयू (पॉलियुरेथेन सीलंट) की ती ब्यूटाइलची चिकट रबरी टेप? आणि हे आत्ताच करावं, की दिवाळीपर्यंत ताडपत्रीवर निभवावं?

घाटमाथा: दादा, दिरांचं ऐका. डांबरी पट्टी मारा, दोन पावसाळे बघायला नको.

धागाकर्ती: दादा नाही, ताई. आणि उन्हात ते डांबर पोरांच्या गणवेशाला लागलं की त्यांच्या आया माझ्याकडे येतील, तुमच्याकडे नाही.

पत्राकाम: ताई, बस बॉडीच्या कामात केस पांढरे केलेत, म्हणून सांगतो. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. सपाटीला गळत नाही, चढावर मागच्याच कोपऱ्यातून गळतं, पाऊस थांबल्यावरही गळतं. म्हणजे पाणी कुठेतरी साठतंय. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनेलमध्ये, म्हणजे काच सरकते त्या खोबणीत, पाणी शिरणारच. ते बाहेर जायला त्या पट्टीला बाहेरच्या अंगानं बारीक खाचा ठेवलेल्या असतात. सढळ हातानं तुम्ही बहुतेक त्याच बुजवल्यात. गाडीनं तोंड वर केलं की साठलेलं पाणी मागे धावतं आणि काठावरून आत सांडतं.

आधी बिनखर्चाचं करा. सायकलच्या जुन्या स्पोकनं खाचा मोकळ्या करा, चॅनेलमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर पडतं का बघा. मग पाइपानं पाणी मारा, पण खालून वर: पाच-दहा मिनिटं फक्त खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी टप. आत कुणीतरी बॅटरी घेऊन बसायचं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही. टपावर कॅरिअर असेल तर त्याचे बोल्टही बघा. तिथलं पाणी आतल्या छतावरून लांब जाऊन उतरतं.

फोड आलेत म्हणजे फ्रेम मात्र काढावीच लागेल. आतल्या आडव्या सळ्या आधी सोडवा. काचा फ्रेममध्येच राहू द्या, फक्त सरकू नयेत म्हणून चिकटपट्टीनं बांधा. टफन काचेचा कोपरा फरशीवर आपटला की चुराच. रिव्हेटची डोकी ड्रिलनं उडवा, बिट रिव्हेटच्या जाडीचाच घ्या, नाहीतर पत्र्याची भोकं मोठी होतील. मग लांबी (पुट्टी) भरायची पातळ पत्ती फ्रेममागे सरकवत जुनं चिकट कापत जा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की पहिल्यासारखं बसत नाही. उतरवायला दोघं हवेत.

सिलिकॉन कणभरही ठेवू नका, त्यावर रंगसुद्धा धरत नाही. तो आंबट वास ॲसेटिक ॲसिडचा; लोखंडी पत्र्याला ते चालत नाही. गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर, वर रंग, आणि वाळू द्या. फ्रेममागे चारी बाजूंना ब्यूटाइल टेप लावा, ती मऊच राहते आणि पुन्हा खोलायची वेळ आली तर खोलता येते. टेपचा जोड वर नको, खाली घ्या. बाहेरून पीयूची बारीक रेघ वर आणि दोन्ही बाजूंना. खालची कड मोकळी. तिथून पाणी गेलं पाहिजे. आपत्कालीन खिडकीला मात्र कधीच पीयू लावू नका, वेळेला ती उघडणार नाही.

दोन दिवसांची उघडीप बघून करा. पीयू हवेतल्या ओलाव्यावरच सुकतं, पण पत्रा कोरडा ठणठणीत हवा.

धागाकर्ती: पत्राकामदादा, स्पोक घातला. आधी पेन्सिलची सालं निघाली, मग गोळ्यांचे कागद, मग चहाच्या रंगाचं पाणी. कालच्या फेरीत घाटात धारेचे थेंब झाले!

आज उघडीप होती म्हणून फ्रेमही उतरवली. मिस्टरांनी धरली, ड्रिल मी मारलं. खालच्या कडेला दोन बोटं जाईल एवढं भोक पडलंय, आजूबाजूचा पत्रा पापडासारखा झालाय. आतला आडवा पाइप ठोकून बघितला, तो घट्ट आहे. आता तुकडा वेल्डिंगनं लावू की रिव्हेटनं? वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारच्या खिडकीची टेप आणि रबर जाईल का? सोमवारी सकाळी शाळेची फेरी आहे.